पाण्यासाठी, गावासाठी, शांततेसाठी : वसईच्या मोर्चांची परंपरा

वसई तालुक्यात मोर्चा ही सार्वजनिक जीवनातली जुनी रीत आहे. पाण्याच्या टँकरविरुद्ध, झाडांच्या कत्तलीविरुद्ध, सिडकोच्या विकास आराखड्याविरुद्ध आणि गावे महानगरपालिकेत ओढण्याविरुद्ध येथील माणसे गेल्या चार दशकांत पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरली. दूरदेशीच्या युद्धाविरुद्ध आवाज उठवणे हा प्रकार याहून निराळा, महानगरांतल्या सुशिक्षितांपुरता आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. महाराष्ट्रातली युद्धविरोधी चळवळ आणि स्थानिक प्रश्नांवरचे मोर्चे एकाच मुळातून आलेले आहेत. दोहोंना लागू होणारा कायदा एक, अर्ज द्यायचा तो पोलीस ठाण्यात, निवेदन द्यायचे ते तहसीलदाराकडे, आणि पुष्कळदा चालणारी माणसेही तीच.

माणिकपूर हे वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेचे गाव. शेजारच्या नवघरला जोडून येथे नवघर-माणिकपूर नगर परिषद झाली. २००१ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे १ लाख १६ हजार होती. ३ जुलै २००९ रोजी ती वसई, नालासोपारा आणि विरार या तीन नगर परिषदांबरोबर वसई-विरार शहर महानगरपालिकेत विलीन झाली. सेंट मायकल चर्च १६०६ सालचे, म्हणजे चारशे वर्षांहून जुने. चर्चच्या भोवती जुनी ख्रिस्ती आणि हिंदू घरे, आणि त्यांच्याभोवती मुंबईला रोज लोकलने जाणाऱ्यांच्या इमारती, अशी या वस्तीची घडण आहे. येथून मोर्चा निघाला तर तो तहसील कार्यालयाच्या दिशेने, म्हणजे वसई गावाकडे पाच-सहा किलोमीटर चालत जातो. जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे तर १ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे गाठावे लागे. पालघर जिल्हा झाल्यापासून पालघरची वाट धरावी लागते.

युद्ध म्हणजे काय, हे या भूमीला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. चिमाजी अप्पांच्या फौजेने वेढा घालून मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला. हा विजय महाराष्ट्राच्या अभिमानाचा विषय आहे आणि तो असायलाच हवा. पण तटाखाली सुरुंग उडवताना आणि खिंडारातून चढताना दोन्ही बाजूंची किती माणसे गेली, याचा उल्लेख त्या अभिमानात सहसा नसतो. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला आणि त्यातून दुसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटले. वाडीत राबणाऱ्याला या दोन्ही वेळी कोणी काही विचारले नाही. पुढच्या काळात मोर्चाने जी मागणी केली ती हीच : निर्णय ज्याच्यावर कोसळणार, त्याला आधी विचारा.

महाराष्ट्रातल्या युद्धविरोधाची सर्वांत स्पष्ट सुरुवात १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला झाली. हिंदुस्थानला न विचारता इंग्रजांनी देश दुसऱ्या महायुद्धात लोटला होता. गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह पुकारला आणि पहिले सत्याग्रही म्हणून विनोबा भावे यांची निवड केली. इंग्रजांच्या युद्धाला माणूस वा पैसा देणे चूक आहे, सर्व युद्धांना अहिंसेने विरोध करावा, एवढेच सत्याग्रहींनी लोकांसमोर बोलायचे होते. विनोबा चारच दिवसांनी पकडले गेले आणि त्यांना तीन महिन्यांची शिक्षा झाली. या सत्याग्रहाची शिस्त विलक्षण होती. सत्याग्रही कुठे, कधी, काय बोलणार हे जिल्हा दंडाधिकाऱ्याला आधी कळवत असे. लपवाछपवी नाही, गर्दीचा धाक नाही. आजचा कार्यकर्ता पोलीस ठाण्यात मोर्चाचा मार्ग आणि वेळ लिहून देतो, त्या रीतीला एवढा मोठा पूर्वज आहे.

दोन वर्षांनी हे लोण पालघरला पोहोचले. ‘छोडो भारत’ हा ठराव युद्धाच्या ऐन भरातला होता. १४ ऑगस्ट १९४२ रोजी सातपाटी, मुरबे, नांदगाव, शिरगाव अशा किनाऱ्यावरच्या आणि आसपासच्या गावांतून माणसे पालघरच्या कचेरीकडे निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र महादेव चुरी, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी आणि सुकुर गोविंद मोरे हे पाच जण हुतात्मा झाले. पालघरच्या हुतात्मा चौकात त्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी १४ ऑगस्टला शहर बंद ठेवून त्यांना मानवंदना दिली जाते. तीन वर्षांनी, १९४५ मध्ये, तलासरी-डहाणूकडे वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. उठावाचे नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकरांनी त्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात गावाने एकत्र चालत जाणे हे तेव्हापासून लोकांच्या अंगवळणी पडलेले आहे.

स्वातंत्र्यानंतर मोर्चाच्या मागण्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांनी मुंबईत महागाईविरोधी महिलांची संयुक्त आघाडी उभारली. बायका लाटणी घेऊन मंत्र्यांच्या दारी गेल्या. रात्री ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजल्या. ज्या बाईला घर सोडून मैदानावर जाता येत नव्हते, तिलाही स्वयंपाकघरातून मोर्चात सामील होता आले, ही त्या आंदोलनाची मोठी देणगी. पुढे उपनगरांत आणि वसई-विरारमध्ये हंडा मोर्चे निघाले ते याच वाटेने.

वसईचा स्वतःचा अध्याय पाण्यापासून सुरू होतो. पश्चिम पट्ट्यातल्या वाड्या केळी, विड्याची पाने, फुले आणि भाजी यांवर उभ्या होत्या. त्या वाड्यांचा जीव बावखलांत होता. बावखल म्हणजे वाडीतले खोदलेले तळे. पावसाळ्यात ते तुडुंब भरते, शिंपण्याला उपयोगी पडते आणि जमिनीत गोडे पाणी मुरवत राहते. समुद्र आणि खाडी जवळ असल्यामुळे या जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्याला अडवून धरतो. वरून जादा उपसा झाला की खारे पाणी आत सरकते. विहीर एकदा खारी झाली की पानवेल जळते, केळ खुरटते, आणि पुन्हा ती विहीर गोडी व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात. १९८० च्या दशकात इमारती झपाट्याने वाढल्या, नळाचे पाणी नव्हते, आणि वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने इमारतींकडे जाऊ लागले. दिवसरात्र पंप चालत. त्याच काळात शासनाने येथील मोठे हरित क्षेत्र बांधकामाला खुले केले. बावखले बुजवली जाऊ लागली, झाडे पडू लागली, जमिनींचे भाव आणि त्यांच्यामागची दहशत दोन्ही वाढली. १९८९ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाची नालासोपारा स्थानकात गोळ्या घालून हत्या झाली, यावरून त्या दिवसांची कल्पना यावी.

या भीतीत हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. नंदाखालचे हे धर्मगुरू १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. पाणी, जमीन, झाडे आणि गुंडगिरी हे विषय त्यांनी मासिकातून वाचकांपुढे सतत ठेवले. आंदोलन चर्चचे नव्हते, हे आवर्जून सांगायला हवे. त्यात वाडवळ, सामवेदी, भंडारी, आगरी, कोळी अशा सर्व समाजांची माणसे होती. ज्याची विहीर खारी होत होती त्याचा धर्म पाण्याने विचारला नव्हता, मग मोर्चाने तरी का विचारावा? हजारो लोक निघाले. बायका मोठ्या संख्येने पुढे होत्या, कारण पाणी भरण्याचे आणि वाडीतला माल बाजारात नेण्याचे काम त्यांच्याकडे होते. पाणी कमी झाले हे घरात सर्वांत आधी त्यांना कळत होते.

मोर्चाचे पहिले फळ आराखड्यात दिसत नाही. ते भीती मोडण्यात दिसते. एकट्या शेतकऱ्याला टँकरवाल्याला अडवणे शक्य नव्हते. गावच रस्त्यावर आले की अडवणे शक्य झाले. नाव घेऊन बोलायला लोक धजावू लागले. या दृष्टीने हरित वसईचे यश निःसंशय मोठे आहे.

आराखड्याच्या बाबतीत मात्र यश अर्धे राहिले. १४ मे १९९० रोजी शासनाने वसई-विरार उपप्रदेशाच्या सुमारे ३८० चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. सिडकोने नवी मुंबई वसवलेली होती, पण येथे तिच्या ताब्यात जमीन नव्हती. जमीन शेतकऱ्यांची आणि हळूहळू बिल्डरांची होती. मग नियोजन कोणासाठी, हा प्रश्न लोकांनी विचारला. प्रारूप आराखड्यावर हरकती पडल्या, सुनावण्या झाल्या, मोर्चे निघाले, आणि आराखड्याला अंतिम मंजुरी मिळायला ९ फेब्रुवारी २००७ उजाडले. तोपर्यंत अनधिकृत इमारतींनी आराखड्याच्या कागदाला मागे टाकले होते. मोर्चाने उशीर लावला, काही हिरवाई वाचवली. बांधकामाचा लोंढा त्याला थांबवता आला नाही. २०१६ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाचा नवा प्रारूप आराखडा आला तेव्हा वसईकरांनी पुन्हा मोठ्या संख्येने हरकती दाखल केल्या. हरकतीचा अर्ज भरणे, नकाशा वाचणे, सर्व्हे नंबर शोधणे हे कसब गावागावांत पोहोचले होते. मोर्चात चाललेल्या पिढीने ते मिळवले होते.

त्यानंतरचा मोठा लढा गावांचा. जुलै २००९ मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा चार नगर परिषदांबरोबर ५३ गावेही तिच्यात घातली गेली. पश्चिम पट्ट्यातल्या गावांना हे मान्य नव्हते. ग्रामपंचायत गेली की ग्रामसभा जाते, घरपट्टी वाढते आणि वाडीच्या जमिनीवर इमारतींचा डोळा पडतो, असे त्यांचे साधे गणित होते. वेठबिगार मुक्तीसाठी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभारणारे विवेक पंडित या लढ्यात पुढे आले. ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकीत ते अपक्ष म्हणून वसईतून निवडून आले. रस्त्यावरची मागणी मतपेटीतून बोलल्याचे हे ठळक उदाहरण. मार्च २०१० मध्ये उपोषण सुरू असताना पोलिसांनी आंदोलकांवर लाठीमार केला. गावोगावच्या ज्या लोकांनी तोपर्यंत पोलीस फक्त बंदोबस्ताला उभे असलेले पाहिले होते, त्यांच्या मनावर तो लाठीमार कायमचा कोरला गेला. अखेर ३१ मे २०११ रोजी शासनाने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तेथे वर्षानुवर्षे राहिले. गावे या काळात पालिकेतच राहिली, आणि २०२४ मध्ये शासनाने ती पालिकेतच ठेवण्याच्या दिशेने पाऊल टाकले. जिंकलेला मोर्चा कागदावर कसा गोठतो, याचे याहून कडवट उदाहरण जिल्ह्यात सापडणार नाही.

जिल्ह्याच्या उत्तरेला वाढवण बंदराविरुद्धचा मच्छीमारांचा लढा १९९० च्या दशकापासून सुरू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या डहाणू पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पायाभरणी झाली. मधल्या काळात, १५ डिसेंबर २०२० ला, झाईपासून कफ परेडपर्यंतच्या मच्छीमार गावांनी बंद पाळला. किनाऱ्यावरचे बाजार त्या दिवशी ओस होते.

शांततेची चळवळ या सगळ्याच्या शेजारून चालत आलेली आहे. ११ आणि १३ मे १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर वर्ष लोटले, तेव्हा सामाजिक कार्यकर्ते संदीप पांडे आणि त्यांचे सहकारी ११ मे १९९९ रोजी पोखरणहून सारनाथकडे पायी निघाले. ही यात्रा ६ ऑगस्टला, हिरोशिमा दिनी, संपली. मधल्या दिवसांत कारगिलचे युद्ध सुरू झाले. सीमेवर जवान पडत असताना शांततेची पदयात्रा करणे किती अवघड असेल, हे सांगायला नको. पण युद्धाविरुद्ध बोलण्याची खरी गरज तेव्हाच असते. युद्ध संपल्यावर शांतता सर्वांनाच प्रिय असते.

महाराष्ट्राजवळ या बाबतीत एक असा माणूस होता की ज्याला भित्रा म्हणण्याची कोणाची छाती झाली नसती. ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास. मुंबईत जन्मलेले, १९७१ च्या युद्धात ‘आयएनएस बियास’चे नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेले, १९९० ते १९९३ नौदलप्रमुख. निवृत्तीनंतर ते अलिबागजवळच्या भाईमळा गावी शेतावर राहिले. अण्वस्त्रांना त्यांनी उघड विरोध केला, भारत-पाकिस्तान जनमंचाचे काम केले, आणि २००४ मध्ये पाकिस्तानचे आय. ए. रहमान यांच्यासह त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रायगडच्या शेतकऱ्यांनी विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध लढा दिला तेव्हाही ते शेतकऱ्यांच्या बाजूने उभे होते. जमिनीचा प्रश्न आणि बॉम्बचा प्रश्न त्यांना वेगवेगळे वाटले नाहीत. मार्च २०२४ मध्ये ते गेले.

२००४ च्या १६ ते २१ जानेवारीला गोरेगावच्या नेस्को मैदानावर जागतिक सामाजिक मंच भरला. वसई रोडहून लोकलने तासाभरात पोहोचता येईल अशा जागी जगभरचे कार्यकर्ते जमले होते. इराकवरचा हल्ला होऊन वर्ष झाले नव्हते. २० मार्च २००४ रोजी जगभर युद्धविरोधी मोर्चे काढावेत हे आवाहन याच मेळाव्यातून पुढे गेले. आदिवासी, दलित, मच्छीमार, कापड कामगार आपापल्या मागण्या घेऊन त्याच मैदानात फिरत होते आणि युद्धविरोधी सभांनाही बसत होते. पाणी मागणाऱ्याला आणि बॉम्ब नको म्हणणाऱ्याला एकाच मांडवात जागा मिळाली, हे त्या मंचाचे मोल.

वसईत हा धागा पुन्हा दिब्रिटोंकडे येतो. टँकरविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या या माणसाने इस्रायल आणि पॅलेस्टाईनच्या संघर्षावर ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ हे पुस्तक मराठीत लिहिले. ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लीम अशा तिन्ही धर्मांना पवित्र असलेल्या भूमीवर रक्त का सांडते, हा त्याचा विषय. वसईच्या वाचकाला बेथलेहेम आणि जेरुसलेम ही नावे बायबलमधून माहीत होती. त्या नावांच्या आजच्या गल्ल्यांत काय चालले आहे, हे त्याला आपल्या भाषेत वाचायला मिळाले. ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार आणि जानेवारी २०२० च्या उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, हे त्यांचे मान सर्वांना ठाऊक आहेत. विहिरीच्या पाण्यावर आणि गाझावर एकाच कळवळ्याने लिहिणारा लेखक म्हणून त्यांची नोंद अजून पुरेशी झालेली नाही.

आता मोर्चाची प्रत्यक्ष रीत. संविधानाच्या कलम १९(१)(ख) ने नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. देशाची सार्वभौमता व एकात्मता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांच्यासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. १९७२ च्या हिमतलाल शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रस्त्यावरील सभांचे नियमन पोलिसांना करता येते, सरसकट नकार देता येत नाही. २०२० मध्ये शाहीनबाग प्रकरणात त्याच न्यायालयाने सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवून धरता येणार नाही असेही ठरवले. या दोन निकालांच्या मधल्या जागेत आजचा मोर्चा चालतो.

महाराष्ट्रात रोजचा संबंध येतो तो १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाशी. कलम ३७(१) खाली शस्त्रे, लाठ्या, स्फोटके बाळगण्यास आणि प्रतिमा वा पुतळे मिरवण्यास मनाई करता येते. परदेशी नेत्याचा पुतळा जाळण्याची युद्धविरोधी निदर्शनांतली नेहमीची पद्धत यात अडकते, हे पुष्कळांना गुन्हा दाखल झाल्यावरच कळते. कलम ३७(३) खालचा आदेश म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली जमावबंदी. राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय ती पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. सण, निवडणूक, परीक्षा अशी कारणे दाखवून असे आदेश एकामागून एक निघत राहतात, आणि वर्षातले फार थोडे दिवस मोकळे उरतात. कायद्यात अपवाद म्हणून ठेवलेली गोष्ट नियम होऊन बसते, ही खरी चिंतेची बाब आहे.

१ ऑक्टोबर २०२० पासून वसई-विरार हे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात आहे. माणिकपुरातून मोर्चा काढायचा तर माणिकपूर पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा. त्यात विषय, तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, जबाबदार व्यक्तींची नावे आणि ध्वनिक्षेपक वापरणार की नाही हे लिहायचे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायची, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. परवानगी तोंडी नाकारली गेली तर पुढे न्यायालयात दाखवायला तोच एक कागद हाती असतो. पुष्कळदा परवानगीऐवजी नोटीस येते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते. अशी नोटीस म्हणजे अटक नव्हे.

मोर्चात पोलिसांनी गाडीत बसवले तर ते सहसा पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ खाली ताब्यात घेणे असते, आणि प्रसंग टळल्यावर कलम ६९ खाली सोडले जाते. रीतसर अटक झाली तर कारण सांगावे लागते आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती वगळता, स्त्रियांना अटक करता येत नाही. जे कार्यकर्ते हे चालण्याआधी सर्वांना समजावून सांगतात, त्यांच्या मोर्चात पळापळ होत नाही.

मोर्चा जिथे संपतो तिथे शिष्टमंडळ आत जाते. चार-पाच माणसे, हातात निवेदनाच्या प्रती. तहसीलदार जागेवर नसले तर नायब तहसीलदार निवेदन घेतात. स्थानिक प्रश्नाला पत्ता असतो : पाणी पालिकेचे, जमीन महसुलाची, वीज महावितरणची. युद्धाच्या निवेदनाला पत्ता कोणता? इथे अशी पद्धत आहे की निवेदन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राष्ट्रपतींना किंवा पंतप्रधानांना पाठवायचे. तहसीलदाराच्या हाती युद्ध थांबवणे नाही, म्हणून हे व्यर्थ आहे असे कोणाला वाटेल. पण मागणी आपल्या शासनाकडे असते, आणि आपल्या शासनाला जगात मत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझातील युद्धविरामाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारताने युद्धविरामाच्या बाजूने मत दिले. जून २०२५ मध्ये तो पुन्हा तटस्थ राहिला. धोरण बदलते, म्हणजे ते बदलण्याजोगे असते, आणि म्हणून नागरिकाने त्याबद्दल लिहून देणे सार्थ असते.

मोर्चाला कोण येऊ शकतो हेही पाहिले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. यातली फार मोठी संख्या पहाटेची लोकल पकडते आणि रात्री परतते. कामाच्या दिवशी निघालेला मोर्चा त्यांच्यासाठी नसतोच. हरित वसईच्या काळात बहुसंख्य लोक वाडीवर किंवा गावातच काम करणारे होते. हाक गेली की ते येऊ शकत. आज रविवार संध्याकाळ सोडली तर इमारतीतला माणूस मोकळा नाही, आणि भाड्याने राहणाऱ्याला हे गाव आपले वाटायला वेळ लागतो. जुन्या वसईकरांनी त्याला ‘बाहेरचा’ म्हणून दूर ठेवले, ही चळवळीची उणीव राहिली. जुलै २०१८ च्या पुरात पाणी गावकऱ्याच्या ओटीवर आणि इमारतीच्या तळमजल्यावर सारखेच चढले होते. तेव्हा हा भेद किती पोकळ आहे ते दिसले.

नेमका पूर आणि गटारे यांचाच विषय २०२५ मध्ये युद्धविरोधी निदर्शनाच्या वादात आला. गाझातील हत्याकांडाविरुद्ध आझाद मैदानावर निदर्शन करण्यास मुंबई पोलिसांनी परवानगी नाकारली, तेव्हा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उच्च न्यायालयात गेला. २५ जुलैला न्यायमूर्ती रवींद्र घुगे आणि न्यायमूर्ती गौतम अंखड यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. हजारो मैलांवरच्या प्रश्नापेक्षा आपल्या देशातले कचरा, प्रदूषण, गटारे, पूर असे प्रश्न हाती घ्यावेत, अशा आशयाची टिप्पणी खंडपीठाने केली. नव्याने अर्ज झाल्यावर पोलिसांनी परवानगी दिली आणि ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर निदर्शन पार पडले.

या टिप्पणीला वसईचा अनुभव उत्तर देतो. पाण्यासाठी आणि झाडांसाठी ज्यांनी आयुष्य घातले, त्यांनीच पॅलेस्टाईनवर पुस्तक लिहिले. पवनारला ज्यांनी युद्धाविरुद्ध भाषण केले, त्यांनीच पुढे गावोगाव फिरून भूदान मागितले. नौदल चालवलेल्या माणसाने अण्वस्त्रांविरुद्ध आणि शेतकऱ्याच्या जमिनीसाठी सारखाच आवाज उठवला. दूरचे दुःख पाहणाऱ्याला जवळचे दिसत नाही, असे या तिघांच्याही बाबतीत झाले नाही.

या परंपरेची कागदपत्रे मात्र आज विखुरलेली आहेत. दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. हरित वसईच्या पहिल्या मोर्चांत चाललेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. पत्रके, हरकतींच्या प्रती, शिक्का मारलेली निवेदने, पोलिसांच्या नोटिसा, मोर्चांची छायाचित्रे, ‘सुवार्ते’चे जुने अंक घराघरांतल्या ट्रंकांत आणि माळ्यांवर पडून आहेत, आणि घर पाडून इमारत उभी राहते तेव्हा ते रद्दीत जातात. ज्यांच्याकडे असा एखादा कागद असेल त्यांनी त्यावर तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावे, त्याची प्रत काढावी आणि गावच्या वाचनालयात किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोंद करून द्यावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या दिवसांबद्दल विचारून त्यांचे बोलणे यंदाच्या दिवाळीतच ध्वनिमुद्रित करून घ्यावे.